पेटी कोणाच्या ताब्यात?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले असतील. निगडीतील माझ्या दवाखान्याचे दार मी उघडत होतो, तेवढ्यात एक वयस्क दांपत्य रिक्षातून उतरले. काकूंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या लेपाने माखला होता. उकळत्या चहाचे पातेले शेगडीवरून उतरवताना कलंडले होते. सून पहिल्या पाळीला गेलेली, मुलगा रात्रपाळी संपवून चाकणहून कंपनीच्या बसने परतीच्या वाटेवर. घरात दोघेच. शेजारणीने सांगितले म्हणून काकांनी टूथपेस्टची अख्खी नळी भाजलेल्या हातावर पिळली होती. काकूंच्या हातातील पाटल्या तशाच होत्या आणि त्यांच्याभोवती हात सुजू लागला होता.

तो लेप धुऊन काढताना काकूंना किती वेदना झाल्या, ते मी येथे लिहीत नाही. पाटल्या शेवटी कापून काढाव्या लागल्या. काकूंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन-तीन आठवड्यांत भरून यावी अशी वाटलेली ती जखम सात आठवडे चालली. पहिल्या मिनिटांत हात नळाखाली धरला असता तर त्यातील किती आठवडे वाचले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण काही नक्कीच वाचले असते.

तिसऱ्या की चौथ्या मलमपट्टीच्या वेळी काका खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक सांगू? कंपनीत बावीस वर्षे प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात होती. शॉपमध्ये कोणाला कापले, भाजले, की सगळे माझ्याकडे धावायचे. मला सर्टिफिकेटसुद्धा होते. पण घरी हिचा हात बघितला आणि काही सुचेनासेच झाले."

मी विचारले, "घरात पेटी आहे?"

ते म्हणाले, "नाही."

या एका शब्दावर मी पुढे बरेच दिवस विचार करीत राहिलो. आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण परिसरातील हजारो ज्येष्ठांनी उभे आयुष्य कारखान्यात काढले आहे. आपण नोकरीत होता तेव्हा १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ४५ वे कलम आपल्या पाठीशी होते. दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची किमान एक पेटी हवी. ती सहज हाताशी येईल अशी ठेवलेली हवी. ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज तिच्यात दुसरे काहीही नसावे. आणि प्रत्येक पेटी प्रशिक्षित, जबाबदार अशा एका माणसाच्या ताब्यात असावी, असे ते कलम सांगत असे. निवृत्तीच्या दिवशी आपण शाल, श्रीफळ आणि घड्याळ घेऊन घरी आलो. पेटी मात्र तिकडेच राहिली. वास्तविक तिची खरी गरज वयाच्या सत्तरीत, घरी असते.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे आणि तो प्रत्येकाला पाठ असलाच पाहिजे. परंतु चाकणच्या तळेगाव चौकातील किंवा पुणे-नाशिक महामार्गावरील वाहतुकीची कोंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको की गाडीला यायला वेळ लागतो. ती पहिली वीस मिनिटे डॉक्टरांची नसतात, घरच्यांची असतात. त्या वीस मिनिटांत काय करावे आणि काय करू नये, एवढेच आज आपल्याशी बोलायचे आहे.

भाजल्यावर : वीस मिनिटे वाहते पाणी

भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि घड्याळ लावून वीस मिनिटे धरून ठेवा. वीस मिनिटे हा फार मोठा काळ वाटतो. पाचव्या मिनिटाला "आता बास" असे वाटू लागते. तरीही हात बाजूला घेऊ नका. शेगडीपासून दूर झाल्यावरही त्वचेच्या आत साठलेली उष्णता खालच्या थरांना भाजतच असते. पाणी ती उष्णता बाहेर काढते. सुरुवातीची काही मिनिटे वाया गेली असतील तरी निराश होऊ नका. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत असे पाणी घालण्याचा उपयोग होतो.

हात पाण्याखाली असतानाच अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, घड्याळ उतरवा. सूज आल्यावर ते जमत नाही. बर्फ लावू नका. त्याने त्वचेचा रक्तपुरवठा आकसतो आणि इजा वाढते. भाग मोठा असेल तर पाणी घालताना उरलेले अंग शालीने झाकून ठेवा, कारण वृद्धांचे शरीर लवकर गार पडते. कापड कातडीला चिकटले असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस यांतील काहीही लावू नका. हे लेप उष्णता आत कोंडतात, जंतूंना वाट देतात आणि जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसू देत नाहीत. वीस मिनिटांनंतर स्वच्छ, धुतलेले सुती कापड सैलसर झाकून दवाखान्यात या.

रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताएवढा भाग हा साधारणपणे शरीराचा शंभरावा हिस्सा असतो. भाजलेला भाग त्याहून मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे अथवा गुप्तांग भाजले असेल, किंवा विजेने भाजले असेल, तर थेट रुग्णालय गाठा. संडास साफ करण्याचे ॲसिड अंगावर उडाल्यास भिजलेले कपडे काढून टाका आणि वीस मिनिटांहूनही अधिक वेळ पाणी घाला. ॲसिडवर सोडा वा चुना टाकण्याचा प्रयोग करू नका.

मधुमेही वाचकांना एक वेगळी सूचना. आपल्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. गुडघा शेकण्याची रबरी पिशवी किती गरम आहे, हे आपल्या पायाला कळेलच असे नाही. शेकामुळे पाऊल भाजले आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावरच ते कळले, असे रुग्ण मी दर थंडीत पाहतो. पिशवी आधी घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला लावून पाहा आणि नेहमी टॉवेलात गुंडाळूनच वापरा.

कापल्यावर : दहा मिनिटे दाब

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि सलग दहा मिनिटे दाबून ठेवा. आपल्याकडे होणारी चूक ठरलेली असते: दर मिनिटाला कापड उचलून "थांबले का" ते पाहायचे. प्रत्येक वेळी नुकतीच धरू लागलेली गाठ सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरी घडी ठेवा आणि अधिक जोराने दाबा. शक्य असल्यास हात छातीच्या पातळीच्या वर धरा. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दहा मिनिटे पुरणार नाहीत, आणखी वेळ लागेल. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दाब देऊनही रक्त थांबत नसेल, जखमेचे ओठ उघडे राहत असतील किंवा आत काही रुतले असेल, तर रुग्णालयात जा. रुतलेली वस्तू घरी उपसून काढू नका.

किरकोळ जखम साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. कॉफीची पूड, हळद किंवा कॅप्सूल फोडून त्यातील भुकटी भरू नये. आपल्या पिंपरीला या बाबतीत एक इतिहास आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जखम चिघळून माणसे दगावत, त्या काळात हे औषध आपल्या गावात तयार होणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या परंपरेचा मान राखायचा तर प्रतिजैविके जपून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरली पाहिजेत. स्वच्छ धुतलेल्या बहुतेक लहान जखमांना त्यांची गरजच पडत नाही.

धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. काहीजण दर सहा महिन्यांनी, खरचटले तरी इंजेक्शन मागतात. तितक्या वेळा त्याची आवश्यकता नसते. ज्यांचे मूळ डोस पूर्ण झाले आहेत, त्यांना दहा वर्षांनी एक पूरक डोस पुरतो. जखम मातीने माखलेली वा खोल असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटून गेली असतील, तर तो आधी देतात. दुसरे टोक अधिक चिंतेचे आहे. आपल्या देशात बालकांच्या लसीकरणाचा व्यापक कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. आज जे सत्तरीत आहेत, त्यांचे बालपण त्याआधीच सरले होते. त्यांच्यापैकी अनेकांचे मूळ डोस कधी झालेच नसतील. याविषयी पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा आणि तारीख लिहून ठेवा.

वृद्धांची कातडी कागदासारखी पातळ होते. पलंगाच्या कडेला घासली तरी ती सोलवटून निघते. असा सुटलेला पापुद्रा फाडून टाकू नका. पाण्याने धुऊन, ओल्या कापसाने तो हलकेच पूर्वीच्या जागी सरकवा, वर न चिकटणारी पट्टी ठेवा आणि गुंडाळीच्या पट्टीने बांधा. नाजूक कातडीवर चिकटपट्टी लावू नका. ती काढताना दुसरी जखम होते.

नाकातून रक्त आल्यास मान मागे टाकू नका आणि आडवे होऊ नका. रक्त घशात उतरते. बसून पुढे झुका, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरा, तोंडाने श्वास घ्या आणि दहा ते पंधरा मिनिटे चिमूट सोडू नका. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही तर रुग्णालयात जा.

या औद्योगिक पट्ट्यात ज्यांची मुले प्रेसशॉपमध्ये काम करतात, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी आणि मुलांनाही सांगावी. बोट तुटून वेगळे झाले तर ते फेकू नये आणि थेट बर्फातही ठेवू नये. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. घरी दाराच्या फटीत नातवंडाचे बोट सापडले, तरी नियम हाच.

पडल्यावर : आधी थांबा

न्हाणीघरात धप्प असा आवाज होतो. आपण धावत जातो आणि काखेत हात घालून आजोबांना उचलू लागतो. प्रेमापोटी होणारी ही चूक आहे. आधी थांबा. शुद्ध आहे का, कोठे दुखते, हातपाय हलतात का, हे विचारा. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल किंवा खुब्यात असह्य वेदना असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी उभे करू नका, चालवून पाहू नका, तेल चोळू नका. अंगावर पांघरूण घाला, १०८ ला कळवा आणि शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून तोंडाने काही देऊ नका. मानेत वा पाठीत दुखत असेल तर तर रुग्णाला मुळीच हलवू नका. मनगट मोडले असेल तर बांगड्या उतरवून, खाली जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन, ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधा.

काहीच दुखत नसेल तरी ओढून उभे करू नका. प्रथम कुशीवर वळू द्या, मग हात आणि गुडघ्यांवर येऊ द्या. समोर भक्कम खुर्ची ठेवा. तिच्या बैठकीवर दोन्ही हात टेकवून, एक पाऊल पुढे घेऊन, त्यांना स्वतःच्या बळाने उठू द्या. आपण आधार द्यायचा. वजन उचलायचे नाही. मधुमेह असेल तर लगेच साखर तपासा. पुष्कळदा पडण्याचे कारण ओली फरशी नसून उतरलेली साखर असते.

डोक्याला मार लागला असेल तर ही ओळ दोनदा वाचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर टेंगूळ नसले, रक्त आले नाही, गप्पा नेहमीसारख्या चालू असल्या, तरी त्याच दिवशी, तत्काळ रुग्णालयात न्यावे. वाढत्या वयात मेंदू किंचित आकसतो, त्याच्या आवरणाखालील लहान शिरा ताणलेल्या असतात आणि त्यांतून हळूहळू रक्त साचू शकते. माझ्या एका जुन्या रुग्णाने पडल्याचे घरी सांगितलेच नाही. "उगीच पोरांना रजा टाकावी लागेल" असे त्यांना वाटले. तीन आठवड्यांनी ते नावे विसरू लागले, चालताना एका बाजूला झुकू लागले. घरच्यांना ते वयोमान वाटले. सुदैवाने मुलीला शंका आली आणि शस्त्रक्रिया वेळेवर झाली. म्हणून दोन्ही पिढ्यांना सांगतो. ज्येष्ठांनो, पडलात तर लपवू नका. मुलांनो, आई-वडील पडल्याचे सांगतील तेव्हा आधी रागावू नका; आज रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत. मार लागल्यानंतर वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा एका बाजूची शक्ती कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर क्षणाचाही विलंब नको.

पाय मुरगळला असेल तर विश्रांती द्या, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा, क्रेप पट्टी बेताने बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन दिवस शेक नको आणि मालीश तर नकोच. त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा लागेल.

चावा

कुत्रे चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, तेल लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका आणि त्याच दिवशी लस सुरू करा. खोल चाव्याला लसीबरोबर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते. रेबीज झाल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. झालाच नाही पाहिजे, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून सर्व डोस तारखेनुसार पूर्ण करा. खेड-चाकण, मावळ भागातील शेतवस्तीवर साप चावल्यास रुग्णाला चालवू नका, जखम कापू वा चोखू नका, दोरी आवळू नका. हातपाय स्थिर ठेवून थेट रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

घरची पेटी

आता पेटीकडे वळू. बिस्किटांचा झाकणाचा डबाही चालेल. त्यात निर्जंतुक गॉजच्या घड्या, गुंडाळीच्या पट्ट्या, दोन क्रेप पट्ट्या, न चिकटणाऱ्या पट्ट्या, कागदी चिकटपट्टी, झोळीसाठी मोठे तिकोनी कापड, सेफ्टी पिना, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, सलाईनची लहान बाटली, पोव्हिडोन आयोडीन, थर्मामीटर, छोटी विजेरी आणि साखरेची पुडी ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर घरातील प्रत्येक ज्येष्ठाचे आजार, चालू गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ती लाल शाईने, कोणत्या औषधाचे वावडे आहे ते आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाची तारीख लिहा. त्याखाली १०८, ११२, मुलाचा, सुनेचा, शेजाऱ्यांचा आणि आपल्या डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. जवळचे रुग्णालय कोणते तेही आधीच ठरवा; कोणाला संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडेल, कोणाला चाकणचे ग्रामीण रुग्णालय.

कायद्यातील ती अट घरीही पाळा: ठरलेल्या वस्तूंखेरीज पेटीत दुसरे काही नको. उरलेल्या गोळ्या, रबरबँड, जुन्या किल्ल्या, लाइटची बिले यांना तेथे थारा नाही. रोजची औषधेही वेगळ्या डब्यात ठेवा. पेटी कुलपात नको. नातवंडांच्या हाताला लागणार नाही, पण बसूनउठून चालणाऱ्या माणसाला सहज घेता येईल, अशा जागी असावी. दर तीन महिन्यांनी ती उघडून मुदत संपलेल्या वस्तू बदला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ती एका माणसाच्या ताब्यात द्या. पाळ्यांच्या घरात दिवसाचे अनेक तास आजी-आजोबाच घरी असतात. तेव्हा हे काम मुलांवर सोडून चालणार नाही. ते आपलेच आहे आणि ते आपल्याला जमण्याजोगे आहे.

काकूंची जखम भरली. हातावर डाग राहिला आहे, पण बोटांची हालचाल चांगली आहे. त्या पुन्हा पोळ्या लाटतात. दिवाळीनंतर काका रक्तदाब तपासायला आले, तेव्हा पिशवीतून एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. झाकणावर पांढऱ्या कागदाचा लाल अधिक काढलेला होता आणि खाली मराठीत लिहिले होते: 'पेटीचा ताबा', त्यापुढे त्यांचे नाव. मी डबा उघडून पाहिला. सर्व वस्तू जागच्या जागी होत्या. एकच सूचना केली, "काका, खाली दुसरे नावही लिहा. तुम्ही बाजारात गेलेले असाल तेव्हा कोण?"

त्यांनी खिशातून पेन काढले आणि काकूंचे नाव लिहिले.

आपल्या घरच्या डब्यावर कोणती दोन नावे असतील, ते आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी ठरवा.